नाईट लॅच लागत नव्हतं, दोष लॅचचा नव्हताच

पावसाळा सुरू झाला की आमचा मेन दरवाजा खांद्याने ढकलल्याशिवाय लॅच लागायचं नाही, जो येईल तो म्हणायचा लॅच बदला. पण दरवाजा उघडा ठेवून चावी फिरवली तर लॅच मस्त आतबाहेर होत होतं, म्हणजे ते बदलून काय उपयोग?

मग लॅचच्या जिभेला खडू फासला आणि दार हळू लावलं. चौकटीवरच्या लोखंडी डबीच्या खालच्या कडेला पांढरी खूण उमटली, म्हणजे दार खाली बसलंय. वर बघितलं तर फट कुलपाच्या बाजूला जास्त, आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसतेच गोल फिरतायत, लाकूड धरतच नाहीयेत. ते काढून भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिलं आणि आधीपेक्षा लांब, २ इंची स्क्रू मारले. दार वर उचललं गेलं, डबीची कड कानशीने थोडीशी घासली, झालं.

सुतार रंधा मारायला सांगत होता. पावसाळ्यात अजिबात मारू नका, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि हिवाळ्यात आकसलं की फट पडते ती कायमची.

आणि हो, चावी जड जात असेल तर खोबरेल तेल नको! आतल्या बारीक पिना स्प्रिंगवर वरखाली होतात, तेलाला धूळ चिकटली की त्या अडकतात. पेन्सिलच्या शिशाची पूड चावीला चोळून चारपाच वेळा आतबाहेर करा, खरंच फरक पडतो.