पाटणादेवीला जायचं तर सकाळीच निघा

चाळीसगावहून पाटणादेवी जेमतेम १८ किलोमीटर. गौताळा अभयारण्यातली ही सहल श्रावण-भादव्यात करावी, तेव्हा जंगल हिरवंगार असतं. आधी चंडिकादेवीचं दर्शन घ्या, मग केदारकुंड धबधब्याच्या पायवाटेला लागा. चपला घालून मात्र जाऊ नका! ओढ्यातल्या दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, पाय कधी सटकेल कळत नाही. पकड असलेले बूटच हवेत. वर ढग दाटले किंवा पाणी गढूळ झालं की लगेच ओढ्याबाहेर या. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी-ठेचा झाकणाच्या डब्यात न्या, पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. घाई नको. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ होता, हे मुलांना तिथेच सांगा.