मांजरीच्या पिल्लाच्या पिसवा मी कशा घालवल्या

पिल्लू सारखं मान खाजवत होतं. केस बाजूला केले तर काळे बारीक कण दिसले. ओल्या पांढऱ्या कागदावर ते टाकले की लालसर डाग पसरतो. पिसवांनी पिऊन विष्ठेतून टाकलेलं रक्तच ते! इवल्याशा पिल्लाचं एवढं रक्त गेलं तर जिवावर बेततं, म्हणून आधी हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी होत्या. फिकट असत्या तर तडक डॉक्टरांकडेच नेलं असतं.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यामुळे माझा सगळा भर फणीवर होता. बारीक दातांची फणी मानेपासून शेपटीपर्यंत हळूहळू फिरवायची आणि प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवायची. नुसत्या पाण्यातून पिसू उडी मारून निसटते, साबणाच्या पाण्यात बुडते. मान आणि शेपटीचं मूळ इथेच त्या जास्त सापडल्या. हे रोज केलं.

कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, कळकळीने सांगते. त्यातलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेऊ शकतं. टी ट्री तेलही विषारीच.

पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात पडतात. म्हणून पिल्लाची चादर ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतली, कोपरे आणि सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने साफ केल्या. कोषातल्या पिसवा काही आठवड्यांनीही बाहेर येतात, तेव्हा अंग स्वच्छ दिसलं तरी साफसफाई चालूच ठेवली. पिल्लू मोठं झाल्यावर डॉक्टरांनी वजन करून मानेवर टाकायचं औषध दिलं. पिसू गिळल्याने पट्टकृमी होतात, म्हणून जंताचंही दिलं.