मनिलात भाड्याने घर बघताय? आधी भिंतीचा रंग बघा

परवा आणखी एका जोडप्याचा फोन आला. कंपनीने पंधरा दिवस हॉटेल दिलंय, तेवढ्यात घर शोधायचंय, काय बघू? चौदा वर्षं हे फोनवर सांगतोय, आता एकदाचं लिहूनच काढतो.

माझं इथलं पहिलं घर मेट्रो मनिलातल्या पासिगला होतं. ‘थ्री-डोअर अपार्टमेंट’. इथे अपार्टमेंट म्हटलं की आपला फ्लॅट डोळ्यांपुढे आणू नका. एका छपराखाली एकमेकांना चिकटलेली तीन-चार छोटी दुमजली घरं, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि प्रत्येकाला रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार. म्हणून मोजणीही दारांची. भाडं कमी, ऑफिस जवळ, मी लगेच हो म्हटलं. भिंतींना कमरेपर्यंत ताजा पांढरा रंग होता आणि त्यावर जुना पिवळट. प्लगचे सॉकेट छातीच्या उंचीवर. मला वाटलं, लहान मुलांसाठी केली असेल काळजी.

जुलैत हाबागात सुरू झाला. हाबागात म्हणजे नैऋत्येचा वारा, आपलाच मॉन्सून. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागले. पाणी दारातून येतं असं आपण समजतो. ते आधी मोरीतून येतं. दुपारपर्यंत ते बरोब्बर पांढऱ्या रंगाच्या रेघेशी येऊन थांबलं. घरमालकीण हसून म्हणाली, ‘कोन्ती लांग.’ म्हणजे थोडंसंच!

तेव्हापासून घर बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी इंत्रामुरोसला, म्हणजे मनिलाच्या तटबंदीतल्या जुन्या शहरात पाठवतो. तिथे सान आगुस्तिन चर्चच्या समोर ‘कासा मनिला’ आहे, एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंताच्या घराची हुबेहूब उभी केलेली प्रतिकृती. तास-दीड तास पुरतो. ते घर नीट बघितलंत की या देशात घर कसं असावं हे ब्रोकरपेक्षा जास्त कळतं.

पण त्याच्याही आधीचं घर म्हणजे बाहाय कुबो. बांबूचा सांगाडा, वर निपाच्या पानांचं शाकार. निपा हा खाडीच्या चिखलात वाढणारा माड. आमच्या कोकणात झावळ्या वापरायचे, इथे निपा. सगळं घर खांबांवर उचललेलं. खालच्या मोकळ्या जागेला सिलोंग म्हणतात, तिथे कोंबड्या, लाकूडफाटा, अवजारं. जमीन बांबूच्या पट्ट्यांची, फटी ठेवून, म्हणजे खालून वारा येतो आणि केरही खालीच पडतो. मागे बातालान, आपली मागच्या दारची न्हाणी-मोरी. पूर आला तर खालून जातो, भूकंप झाला तर घर डुलतं. वादळात छप्पर उडालं तर आठवड्यात नवं चढतं.

स्पॅनिश काळात हेच कुबो श्रीमंत झालं आणि त्याचं बाहाय ना बातो झालं. बातो म्हणजे दगड. खाली दगडी भिंती, वर लाकडी मजला. पाहुणे आले की ‘वा, दगडी वाडा’ म्हणतात, पण खरी गंमत आत आहे. घराचा भार दगडावर नसतो. जमिनीपासून छपरापर्यंत गेलेले जाड लाकडी खांब तो पेलतात. दगड नुसता भोवती उभा. भिंत ढासळली तरी घर उभं राहावं, ही युक्ती. आणि तळमजल्यावर माणसं राहतच नसत. तिथे सागुआन, घोडागाडी आणि धान्य ठेवायची जागा. माणसं वर. वरच्या खिडक्यांना काचेऐवजी कापिज, म्हणजे चपट्या शिंपल्यांची तावदानं, सरकती. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना अशीच शिंपल्यांची तावदानं बघितली असतील, शिंपलाही तोच. खिडकीच्या खाली आणखी एक बुटकी झडप असते, व्हेंतानिया. रात्री वरची खिडकी लावून ही उघडी ठेवायची, जमिनीवर झोपलेल्यालाही वारा लागतो. १८६३च्या भूकंपात मनिलातली जड कौलं लोकांच्या अंगावर आली, त्यानंतर पत्रे आले. अशा घरांची अख्खी गल्ली बघायची असेल तर उत्तरेला विगानला जा. १९९९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

अपवाद वगळता आता भाड्याने मिळतं ते सगळं काँक्रीट आणि हॉलो ब्लॉक, म्हणजे सिमेंटच्या पोकळ विटा. ‘व्हिलेज’ शब्दाने फसू नका. खेडं नव्हे, गेटवर गार्ड असलेली बंगल्यांची वसाहत. या बंगल्यांना मागच्या बाजूला ‘डर्टी किचन’ असतं. नाव ऐकून नाक मुरडू नका, फोडणीला आणि बोंबील तळायला याच्यासारखी जागा नाही.

बहुतेक नवे लोक मात्र काँडोत, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटमध्येच जातात. (विकत घ्यायचा विचार असेल तर परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, काँडो घेता येतो, एका प्रकल्पात परदेशी मालकी ४० टक्क्यांच्या वर जात नाही.) काँडोत पुराची चिंता कमी, पण गाड्या तळघरात असतील तर तिथे पाणी भरतं का तेही विचारा. लिफ्टमध्ये ४ आणि १३ हे मजले बऱ्याच ठिकाणी गायब असतात, आणि तळमजल्यानंतर थेट दुसरा मजला येतो. पश्चिमेची खिडकी नको, एसीचं बिल घाम फोडेल. एकच खिडकी असलेला स्टुडिओ स्वस्त असतो, पण हवा आरपार जात नाही. आमटीच्या फोडणीचा वास तीन दिवस पडद्यात बसतो.

गॅस सिलिंडरला बऱ्याच काँडोंत बंदी असते. करार करण्याआधी विचाराच. इंडक्शनवर भाकरी होते, फुलका फुगत नाही. माझ्या बायकोने एक वर्ष फडक्याने दाबून दाबून फुगवले, मग आम्ही घर बदललं. बाल्कनीत कपडे वाळत घालू देत नाहीत, हाही नियम आधी वाचा. मिक्सर आणणार असाल तर इथले सॉकेट चपट्या दोन पिनांचे, आपल्या गोल पिना बसत नाहीत. बाथरूमची काळजी सोडा, इथेही बादली आणि ताबो आहेच. ताबो म्हणजे तांब्याच म्हणा, प्लॅस्टिकचा, दांडीवाला.

डिपॉझिट साधारण दोन महिन्यांचं, एक महिना आगाऊ, आणि वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक मागतात. बँकखातं आधी उघडा.

गार्ड तुम्हाला ‘बुंबाय’ म्हणेल. इथे सगळेच भारतीय बुंबाय, मोटरसायकलवरून फिरणारे पंजाबी सावकार धरून. मी दादरचा असल्याने मला तक्रार करायला तोंडच नाही.

आणि भिंतीचा रंग बघून झाला, तरी करारावर सही करण्याआधी कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात, म्हणजे छोट्या किराणा दुकानात जाऊन एक थंड पेय घ्या. दुकानदार बाईला ‘आते’ म्हणा, म्हणजे ताई, आत्या नव्हे. विचारा, ‘बिनाबाहा बा दितो?’ इथे पाणी भरतं का? ती ‘हिंदी’ म्हणाली तर तुमची भाषा विचारत नाहीये, ‘नाही’ म्हणतेय. घोट्याला हात लावून दाखवलं तर वरचा मजला मागा. कमरेला लावला तर बाटली परत करा आणि पुढच्या गल्लीत बघा.