मेटल थ्रीडी प्रिंटिंग करताय? पावडरच्या या चुका टाळा

लेझरने पावडरचा एकेक थर वितळवून बनवलेल्या जॉबमध्ये (भागामध्ये) छिद्रं दिसली किंवा ताण-चाचणीचा (टेन्साइल) तुकडा लवकर तुटला, की आपला पहिला हात जातो लेझर पॉवरकडे. मग स्कॅन स्पीड, मग हॅच (लेझरच्या दोन रेषांमधलं अंतर). आठवडा असाच जातो आणि पावडरच्या डब्याकडे कोणी बघत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पॅरामीटर बदलण्याआधी पावडरचा इतिहास काढा.

मे २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या प्रिंट केलेल्या इंजिनाची ६६५ सेकंदांची चाचणी घेतली. पूर्वी ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रा लागायचा, तिथे १३.७ किलो पावडरमध्ये काम झालं. फोर्जिंगमध्ये घण बसताना आतल्या बऱ्याच पोकळ्या दाबल्या जातात. प्रिंट करताना तशी दुसरी संधी नाही. पावडरमध्ये जे आहे तेच जॉबमध्ये उतरतं.

टीसी बघून डबा थेट मशीनमध्ये ओतणे

पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) लॉट बनला त्या दिवसाचं असतं. वाहतुकीत डबा हादरतो, बारीक कण खाली आणि जाड कण वर येतात. म्हणून डबा आधी हळूहळू गोल फिरवून पावडर एकजीव करा. नमुना वरचा चमचाभर घेऊ नका, सॅम्पलिंग थीफने (डब्यात खोल जाणाऱ्या पोकळ नळीने) वेगवेगळ्या खोलीवरून घ्या. लेझर मशीनसाठी साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर घेतात. डी५० (निम्मी पावडर ज्या आकाराहून बारीक असते तो आकडा) बरोबर असूनही १० मायक्रॉनखालचे कण जास्त असले तर गुठळ्या होतात आणि थर फाटतो.

हॉल फनेलमधून (पावडरचा प्रवाह मोजायच्या नरसाळ्यातून) पावडर वाहिली नाही म्हणून लॉट लगेच नाकारू नका. बारीक ॲल्युमिनियमची चांगली पावडरही २.५४ मिमीच्या त्या भोकातून कधी कधी वाहत नाही, पण मशीनमध्ये नीट पसरते. अशा वेळी टॅप डेन्सिटी (ठोकून बसवलेल्या पावडरची घनता) घ्या आणि रिकोटरने (मशीनमधल्या थर पसरवणाऱ्या पात्याने) एक थर प्रत्यक्ष पसरवून बघा.

जुन्या पावडरमध्ये नवी मिसळून निर्धास्त होणे

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. टायटॅनियमची पावडर दर बिल्डला (प्रिंटच्या प्रत्येक फेरीला) थोडा थोडा ऑक्सिजन घेते. टायटॅनियम मिश्रधातूच्या ग्रेड २३ ला ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के आहे, ग्रेड ५ ला ०.२०. समजा जुनी पावडर ०.१८ वर पोचली आहे आणि नवी ०.१० ची आहे. अर्धी-अर्धी मिसळली की ०.१४ होते, म्हणजे ग्रेड २३ च्या बाहेर. जॉबची ताकद उलट वाढलेली दिसते, त्यामुळे शंका येत नाही. घटते ती तन्यता (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता), आणि इम्प्लांट किंवा विमानाच्या भागात तीच हवी असते.

चाळल्यावर पावडर नवी होते, हाही गैरसमज आहे. ६३ मायक्रॉनची चाळणी मोठे स्पॅटर (वितळताना उडालेले थेंब) अडवते, पण त्याहून लहान ऑक्सिडाइज्ड स्पॅटर खाली जातात. ऑक्सिजन तर चाळणीला कळतच नाही. म्हणून प्रत्येक बिल्डला लॉट नंबर, मिश्रणाचं प्रमाण आणि ऑक्सिजनचा आकडा रजिस्टरमध्ये लिहा, शिवाय थोडा नमुना बाटलीत जपून ठेवा. चाळणीची जाळीही दर वेळी उजेडासमोर धरून तपासा.

पावसाळा विसरणे

जुलैमध्ये एसी स्टोअरमधला गार डबा चाकण-भोसरीच्या दमट शेडमध्ये लगेच उघडला, तर आत बाष्प धरतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते बाष्प वितळलेल्या धातूत हायड्रोजन सोडतं आणि जॉबभर गोल छिद्रं पडतात. डबा बंदच ठेवून शेडच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. शंका असेल तर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवा.

एकाच चाळणीवर दोन धातू

टायटॅनियममध्ये इनकोनेलचे (निकेलच्या मिश्रधातूचे) चार कण गेले तरी भेगेची सुरुवात तिथून होऊ शकते. प्रत्येक धातूला वेगळी चाळणी, वेगळे ब्रश, वेगळे डबे ठेवा. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची धूळ साध्या व्हॅक्यूम क्लीनरने कधीही ओढू नका, आग लागू शकते. अर्थिंग हवंच, आणि आगीवर पाणी नको, धातूच्या आगीसाठीची क्लास डी अग्निशामक पावडरच.

छिद्रं आली, आता काय?

तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरा. वेडीवाकडी, थरांच्या बाजूने पसरलेली छिद्रं असतील तर धातू नीट वितळला नाही. थर विरळ पसरतोय का, स्पॅटर पडतंय का, ऊर्जा कमी पडतेय का, ते बघा. छिद्रं लहान आणि गोल असतील तर ओलावा किंवा कणांत अडकलेला वायू असण्याची शक्यता मोठी. मग मूळ पावडरच रेझिनमध्ये बसवून कापा. कणांच्या पोटात पोकळ्या दिसल्या, तर गॅस ॲटोमायझेशनच्या वेळीच (वितळलेल्या धातूवर वायू फवारून पावडर बनवताना) आरगॉन आत अडकलेला आहे. जॉबला हिप (उच्च तापमान आणि वायूचा दाब देण्याची प्रक्रिया) केल्यावर त्या पोकळ्या दबतात, पण आरगॉन धातूत विरघळत नाही, त्यामुळे पुढच्या उष्णता-प्रक्रियेत पुन्हा फुगू शकतात. असा लॉट पुरवठादाराकडे परत पाठवा, सोबत त्या कापलेल्या कणांचे फोटो जोडा.