ओळ नेमकी कुणाला जाते? मल्टी-युजर बीबीएसवर चॅट शिकताना

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम, मॉडेमने फोन लावून जिथे शिरायचं असा संगणक; त्यालाच नुसता ‘बोर्ड’ही म्हणतात. बीबीएसच्या चॅटमध्ये नव्याने येणाऱ्याची फजिती बहुतेक वेळा एकाच प्रकारे होते: एकट्याला लिहिलेलं सगळ्या चॅनेलला दिसतं. मॉडेम, केबल, बॉड रेट (लाइनवरचा वेग) हे सगळं लवकर अंगवळणी पडतं. एंटर दाबण्याआधी ‘ही ओळ कुठे जाणार’ हे बघायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. सोलापुरात नेटवर्किंग शिकणाऱ्या, जुनी मॉडेम जमवून घरी किंवा लॅबमध्ये असा बोर्ड उभा करू बघणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहोत. आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरंच लागतात, इथे त्यांचे उच्चार दिलेत.

पहिला बीबीएस १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू झाला, पण त्यावर एका वेळी एकच जण. गप्पा मारायच्या तर फार तर सिसॉपशी, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याशी. अनेकांच्या गप्पा आल्या त्या एका मशीनला अनेक लाइन जोडल्यावर. डीडायल या चॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲपल टू संगणकाला ३०० बॉडची सात मॉडेम जोडता यायची; फ्लोरिडातल्या गॅलॅक्टिकॉमच्या ‘द मेजर बीबीएस’ या सॉफ्टवेअरमध्ये टेलिकॉन्फरन्स, म्हणजे अनेकांच्या एकत्र गप्पांची जागा, हेच मुख्य आकर्षण होतं. आपल्याकडे तेव्हा बाहेरगावच्या बोर्डावर जायचं म्हणजे एसटीडीचं मीटर, त्यामुळे रात्री अकरानंतरच्या पाव दराची वाट बघणं आलंच. आता शिकायला ते सगळं टेबलावर करता येतं.

सामान फार नाही. सिंक्रोनेट हे बीबीएस सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आजही चालू आहे. एक पीसी होस्ट म्हणून (बोर्ड चालतो तो), दोन बाहेरची सिरियल मॉडेम, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, आणि दुकानांत असते तशी इंटरकॉमची छोटी पेटी. दोन मॉडेम नुसत्या वायरने एकमेकांना जोडले तर डायल टोन, रिंग, लाइनचं व्होल्टेज काहीच मिळत नाही. पेटी ते देते. मात्र तिचा टोन एक्स्चेंजपेक्षा वेगळा असल्यामुळे मॉडेम ‘नो डायलटोन’ म्हणून अडून बसतं. त्यावर एटीएक्स३ द्या, म्हणजे ते टोनची वाट न बघता नंबर लावतं. होस्टच्या मॉडेमला एटीएस०=१, म्हणजे पहिल्या रिंगला उचल. सिंक्रोनेटची आजची आवृत्ती मॉडेमशी थेट बोलत नाही. आलेला कॉल टेलनेटवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची पद्धत) वळवणारा त्यांचाच एक छोटा प्रोग्राम आहे, तो मध्ये बसवा. तिसरा माणूस सरळ टेलनेटने आला तरी चालतो. चॅट शिकायला निदान तिघं हवेतच, कारण दोघांत खासगी आणि जाहीर यातला फरक कळत नाही.

फायबरवरून येणाऱ्या लँडलाइनवर हा प्रयोग करू नका असं नाही, पण ३३.६ केबीपीएस वेगाच्या अपेक्षेने करू नका. तिथे आवाजाची पाकिटं होतात, मॉडेमचा सूर तुटतो. २४०० वर उतरलात तर बरेचदा टिकतं, आणि चॅटला तेवढं पुरतं: सेकंदाला सुमारे २४० अक्षरं, म्हणजे ऐंशी अक्षरांची पूर्ण ओळ पाव-अर्ध्या सेकंदात.

टर्मिनल, म्हणजे बोर्डावर जायला वापरता तो प्रोग्राम, ८-एन-१ वर ठेवा (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट). अक्षरं दोनदोनदा उमटली तर लोकल एको (टाइप केलेलं टर्मिनलने स्वतःच पडद्यावर दाखवणं) बंद करा. बॅकस्पेसने विचित्र चिन्हं आली तर टर्मिनल बॅकस्पेससाठी १२७ हा कोड पाठवतंय आणि समोरच्याला ८ हवाय, ते सेटिंग बदला.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही अनोळखी बोर्डावर गप्पा सुरू करण्याआधी तीनच आज्ञा शोधा: मदत, कोण कोण आहे, आणि बाहेर पडणं. मदत बहुधा प्रश्नचिन्हाने किंवा /? ने मिळते. मेजर बीबीएसवर /# ने हजर मंडळींची यादी येते, टेलिकॉन्फरन्समधून बाहेर पडायला एकटं एक्स पुरतं. सिंक्रोनेटवर कंट्रोल-यूने यादी, कंट्रोल-पीने दुसऱ्या नोडला (बोर्डावरच्या दुसऱ्या जोडणीला) निरोप. लिनक्सची सवय असलेला कंट्रोल-यू मारतो तो लिहिलेली ओळ पुसायला, आणि समोर हजेरीपट उभा राहतो. दुसरा सापळा कंट्रोल-एसचा. ‘सेव्ह’ समजून दाबलं की पडदा गोठतो आणि लाइन गेली असं वाटून लोक फोन ठेवून देतात. कंट्रोल-क्यू दाबा, थांबलेलं सगळं धो धो येतं. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे आजही रोज उपयोगी पडतं.

मेजर बीबीएसच्या टेलिकॉन्फरन्समध्ये नुसतं लिहून एंटर मारलं की ते चॅनेलमधल्या सगळ्यांना. स्लॅश, त्याला चिकटून नाव, मग मजकूर असं लिहिलं की ते त्या एकाला. बहुतेक प्रणालींत हा स्लॅश ओळीच्या अगदी पहिल्या घरात लागतो. आधी एक स्पेस पडली की तीच ओळ नावासकट जाहीर होते, आणि स्पेस पडद्यावर दिसत नाही. म्हणून खासगी निरोप अर्धवट लिहिलेल्या ओळीत कधीच सुरू करू नका. ओळ पूर्ण पुसून, कर्सर डावीकडे टेकल्याची खात्री करून मगच. पाठवल्यावर होस्ट ‘अमक्याला पाठवलं’ अशी पोच देतो ती वाचा, पुढचं वाक्य त्यानंतर. काही ठिकाणी नावाची पहिली काही अक्षरं दिली तरी चालतात. आपल्याकडे एका बोर्डावर तीन पाटील असणारच, तेव्हा पूर्ण नाव द्या किंवा नोडचा क्रमांक वापरा.

उलटाही घोळ होतो. जिथे आज्ञेला स्लॅश लागत नाही तिथे ओळीचा पहिला शब्दच आज्ञा ठरतो. रोमनमध्ये ‘पेज नंबर सांग’ लिहिलंत की होस्ट ‘नंबर’ नावाच्या माणसाला हाक मारायला निघतो आणि असा कुणी नाही म्हणून कळवतो. मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजी एकाच वाक्यात फिरवणाऱ्या सोलापूरकरांना हे जास्त भोवतं. उपाय सोपा: इंग्रजी शब्दाने ओळ सुरू करायची नाही. ‘अरे’ लावा पुढे.

देवनागरीत लिहू का, हा प्रश्न येतोच. जुने बोर्ड एका अक्षराला एक बाइट धरतात. यूटीएफ-८ मध्ये ‘सोलापूर’चे सात घटक प्रत्येकी तीन बाइटचे, म्हणजे एकवीस बाइट जातात. समोरचं टर्मिनल सीपी४३७ या जुन्या डॉसच्या अक्षरसंचावर असेल तर नुसत्या ‘स’च्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन आणि चौकटीचा एक कोपरा दिसतो. सगळ्यांची टर्मिनलं यूटीएफ-८ वर असल्याची खात्री नसेल तर रोमनच बरं.

सिसॉपशी किंवा दोघांच्या खासगी चॅटमध्ये अक्षर टाइप होताहोता समोर दिसतं, खोडलेलंसुद्धा. तिथे दोघं एकदम लिहू लागले की खिचडी होते. युनिक्सच्या राइट आज्ञेच्या माहितीपत्रकातच तोडगा दिलाय: बोलणं संपलं, पाळी तुमची, यासाठी ओळीशेवटी ‘-ओ’, निरोप घेताना ‘ओओ’. तो इथेही चालवा.

यादीत नाव आहे पण माणूस उत्तर देत नाही, असं झालं की रागावण्याआधी होस्टचं मॉडेम तपासा. पावसाळ्यात जुन्या तांब्याच्या जोडांवर खरखर वाढते, कॉल तुटतो. पण मॉडेम &सी० वर असेल तर ते होस्टला ‘कॅरियर आहे’, म्हणजे समोरचं मॉडेम लाइनवर आहे, असंच सांगत राहतं. गेलेला माणूस यादीत तसाच, त्याचे निरोप हवेत. त्याहून वाईट म्हणजे पुढचा कॉल त्याच लाइनवर आला तर तो आधीच्याच्या खात्यात उतरतो, पासवर्ड न देता. होस्टच्या मॉडेमला &सी१ (कॅरियरची खरी स्थिती कळवणं) आणि &डी२ (होस्टने सांगितलं की फोन ठेवणं) हवंच. ही सेटिंग न बघता बोर्ड लोकांना खुला करणं आम्हाला निष्काळजीपणा वाटतो. क्षणभराच्या खरखरीने कॉल तुटत असेल तर मॉडेमचं एस१० रजिस्टर, म्हणजे कॅरियर गेल्यावर किती थांबायचं तो आकडा, वाढवा. ते सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतं, सहसा १४ असतं, ३० करून बघा.

आणि कुणी गमतीने ‘नुसतं +++ लिहून बघ’ म्हटलं तर जपून. आधी-नंतर सेकंदभर थांबून तीन अधिक चिन्हं गेली की तुमचं मॉडेम आज्ञा ऐकायच्या अवस्थेत जातं. पडद्यावर ‘ओके’ येतं आणि पुढे काहीही लिहिलं तरी कुणाला पोचत नाही. कॉल अजून जोडलेलाच असतो. एटीओ लिहून एंटर मारा, गप्पा होत्या तिथून पुढे सुरू. एटीएच लिहिलंत तर मात्र फोन ठेवला जातो.