ग्राफीनमधून प्रकाश मिळत नाही? पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. त्याला बँडगॅप (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमधली रिकामी जागा) नाही, त्यामुळे साध्या सलग लेझरखाली ते चमकत नाही. पण ३० फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांशाचा दशलक्षांश) पल्सने त्यातले इलेक्ट्रॉन क्षणभर हजारो केल्विनपर्यंत तापतात. १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा लेझर टाकून ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा प्रकाश मिळतो, हे २०१० सालीच प्रयोगात दिसलं आहे. तरीही ‘सिग्नलच नाही’ ही तक्रार थांबत नाही, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: पल्स नमुन्यापर्यंत पोचताना किती लांबला, हे कुणी मोजलेलंच नसतं.

मीही पहिल्या वर्षी लेझरच्या तोंडाशी मोजलेल्या आकड्यावर विसंबलो. तीन आठवडे फिल्टर बदलले, अलाइनमेंट पुन्हा पुन्हा केली, शेवटी कंटाळून पॉवर वाढवली. दुसऱ्या दिवशी रामन स्पेक्ट्रम घेतला तर १३५० प्रति सेंटिमीटरला डी पीक, म्हणजे जाळीतल्या दोषांची खूण, उभा. चांगला नमुना जळाला होता. दोष ऑब्जेक्टिव्ह (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग) आणि लेन्सांच्या काचेचा होता: काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जातात आणि पल्स पसरतो, यालाच डिस्पर्शन म्हणतात. सुमारे १५०० फेम्टोसेकंद-वर्ग डिस्पर्शन झालं, की ३० चा पल्स १४० वर जातो. इलेक्ट्रॉन तर शंभरेक फेम्टोसेकंदांतच ऊर्जा ऑप्टिकल फोनॉनना (अणूंच्या जाळीच्या कंपनांना) देऊ लागतात. म्हणजे पल्स संपायच्या आतच बरीच कमाई खर्च! आता मी नमुन्याच्या जागी दोन-फोटॉन फोटोडायोड ठेवून फोकसवरच ऑटोकोरिलेशन घेतो (पल्स स्वतःच्याच प्रतीशी ताडून त्याची लांबी मोजतो), आणि डिस्पर्शन भरून काढणारी प्रिझमजोडी सरकवत पल्स सगळ्यांत आखूड होईपर्यंत ग्राफीनला हात लावत नाही. अख्खी दुपार जाते. ज्यांना ती द्यायची नाही, त्यांनी हा प्रयोग करू नये.

दुसरी चूक लिहिताना होते. लेझरच्या पॉवरसमोर उत्सर्जन मांडलेल्या लॉग-लॉग आलेखाचा उतार अडीच आला, की ‘दोन फोटॉनांचं शोषण’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, एक थर साध्या, एकेका फोटॉनच्या शोषणानेच २.३ टक्के प्रकाश घेतो! इलेक्ट्रॉनांचं तापमान वाढलं की उत्सर्जन झपाट्याने वाढतं, म्हणून उतार एकाहून जास्त येतो. मी तो उत्सर्जनाच्या किमान तीन तरंगलांबींवर काढतो. निळ्याकडे जाताना वाढत गेला, तर कारण तापलेले इलेक्ट्रॉन.

रिकाम्या सबस्ट्रेटचा (ग्राफीन ज्यावर ठेवतात त्या तळाचा) स्पेक्ट्रम आधी घ्या. टंगस्टन दिव्याने स्पेक्ट्रोमीटरचा प्रतिसाद दुरुस्त केल्याशिवाय प्लांकचा वक्र (तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा, तापमान सांगणारा वक्र) बसवू नका. आणि त्यातून येणारं तापमान इलेक्ट्रॉनांचं आहे, अणूंच्या जाळीचं नाही.