दोन चिमुरडी आणि एकच बॅग

माझी धाकटी दीड वर्षाची, थोरला साडेतीन. आठवडाभराच्या प्रवासाला आम्ही चौघं आता एकच मोठी बॅग आणि एक पाठपिशवी घेऊन निघतो.

मुलांचे कपडे दिवसांवर नाही, धुण्यावर मोजा. प्रत्येकी चार जोड पुरतात. रात्री बेसिनमध्ये धुवायचे, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट पिळायचे आणि मग वाळत घालायचे. टॉवेल पाणी शोषून घेतो, त्यामुळे पातळ सुती कपडे सकाळपर्यंत बहुतेक वाळतात. जीन्स मात्र घरीच ठेवा.

खरी कसरत पाठपिशवीची. एका झिपच्या पिशवीत एकाचा पूर्ण जोड: बनियन, चड्डी, शर्ट, पँट, मोजे. अशा दोन पिशव्या. ओकारी झाली की पिशवी उघडायची, स्वच्छ कपडे घालायचे आणि ओले त्याच पिशवीत बंद करायचे. आणि स्वतःसाठी एक टीशर्ट ठेवाच! लेकीने खांद्यावर दूध काढलं, तेव्हा मी पाच तास त्याच वासात बसले होते.

डायपर प्रवासाच्या दर तीन तासांना एक, वर तीन जास्तीचे. बाकीचे पोचल्यावर घ्या. नेहमीचं औषध, मापाची सिरिंज आणि थर्मामीटर हाताशीच हवेत. विमान असेल तर पॉवर बँकही सोबतच, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही.

खेळणी दोनच. पण झोपताना कुरवाळायची ती विटकी दुपटी कितीही जागा खाऊ दे, ती आधी भरा.